राजूर, राजुरा आणि मधली माणसं

महाराष्ट्रात राजूर एक नाही. अकोले तालुक्यात राजूर आहे, जालना जिल्ह्यात गणपतीचं राजूर आहे आणि यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यात कोळशाचं राजूर आहे. हे तिसरं वेगळं ओळखू यावं म्हणून लोक त्याला राजूर कॉलरी म्हणतात. खाणीचं इंग्रजी नाव गावामागे आडनावासारखं चिकटलं ते चिकटलंच. एवढ्यावर भागत नाही. पैनगंगा ओलांडून पलीकडे गेलं की चंद्रपूर जिल्ह्यातला राजुऱ्याचा मुलूख लागतो, आणि तिथंही जमिनीखाली कोळसाच. राजूर वऱ्हाडातलं, तर राजुरा १९५६ पर्यंत हैदराबादकडे. कागदोपत्री ही दोन वेगळी जगं. मराठी व्याकरणात मात्र त्यांच्यात अर्ध्या अक्षराचं अंतर आहे. राजूरमधली घटना ‘राजुरात’ घडते, राजुरामधली ‘राजुऱ्यात’. तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र गळाला की खाणीतला अपघात एका जिल्ह्यातून उचलून दुसऱ्या जिल्ह्यात ठेवला जातो. मराठी बातमीच्या तंत्रज्ञानाचा इतिहास एरवी मुंबई-पुण्याच्या छापखान्यांकडून सांगितला जातो. तो राजूरकडून, म्हणजे बातमी जिथून निघते त्या टोकाकडून वाचला तर वेगळा दिसतो. हा अर्धा र कुणी जपला आणि कुणाच्या हातून निसटला, एवढं पाहिलं तरी त्या इतिहासाचा बराचसा भाग हाती लागतो.

डिजिटल पत्रकारिता हे नवं करिअर म्हणून सांगितलं जातं. बातमी लिहिता आली पाहिजे, चित्रफीत कापता आली पाहिजे, मथळा शोधयंत्राला रुचेल असा हवा, आकडेवारीचा तक्ता काढता यावा, रात्री अकराला आलेली दुरुस्ती स्वतःच चढवता यावी. यादी लांबलचक आहे आणि तिच्यातली यंत्रं खरोखरच नवी आहेत. पण माझा मुद्दा असा की यादीतली बहुतेक कामं जुनीच आहेत. ती पूर्वी वेगवेगळ्या माणसांची होती: तारमास्तराची, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची, मुद्रितशोधकाची, उपसंपादकाची, पान लावणाऱ्या फोरमनची. प्रत्येक नव्या यंत्रानं राजूर आणि वाचक यांच्यामधला एकेक माणूस काढला. त्याचं काम मात्र संपलं नाही. ते पुढच्यामागच्या माणसावर पडलं, आणि शेवटी टोकाच्या माणसाच्या, म्हणजे गावच्या वार्ताहराच्या ओंजळीत येऊन साचलं. काम त्याच्याकडे आलं, त्या कामाचा पगार आणि अधिकार मात्र आला नाही. मराठीत हे इतर कुठल्याही कारणापेक्षा लिपीमुळे जास्त ठळक झालं.

सुरुवातीला मधल्या माणसांची गर्दी किती होती ते कायद्यातूनही कळतं. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं ते एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी असं. म्हणजे मराठी पत्राचा जन्मच भाषांतराच्या टेबलावर झाला. पुढे १८६७ चा छापखाने व पुस्तक नोंदणी कायदा आला. त्यानं प्रत्येक पत्रावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण सक्तीचं केलं. संपादकाचं नाव सक्तीचं व्हायला १९२२ उजाडलं. सरकारच्या लेखी पंचावन्न वर्षं पत्राचा खरा माणूस छापणारा होता, लिहिणारा नव्हे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांबरोबर आर्यभूषण छापखान्याचे केशव महादेव बाळ हेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. ते सुटले, टिळकांना शिक्षा झाली. १९१० च्या प्रेस कायद्यानं तर छापखान्याच्या मालकाकडून जामिनाची रक्कमच मागायला सुरुवात केली. शब्दाची जोखीम एकट्या लेखकाची नव्हती, ती खिळ्यांच्या मालकाचीही होती. त्यामुळे छापखान्यात बसलेला माणूस मजकूर वाचायचा. धाकानं का होईना, पण वाचायचा.

वणीचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म वणीचा, २९ ऑगस्ट १८८० चा. त्यांनी १९१८ मध्ये यवतमाळहून ‘लोकमत’ हे साप्ताहिक काढलं. नाव टिळकांनी सुचवलेलं. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी ते नाव पुन्हा उभं केलं आणि १५ डिसेंबर १९७१ पासून नागपूरहून ते दैनिक म्हणून निघू लागलं. विदर्भाची पत्रं तोवर बरीच होती. नागपूरला १९११ पासून इंग्रजी ‘हितवाद’ होता, १९१४ पासून गोपाळराव ओगल्यांचं ‘महाराष्ट्र’ होतं, १९४४ पासून माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली ‘तरुण भारत’ दैनिक होतं. वऱ्हाड १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतं, त्यामुळे राजूरच्या बातमीची पेठ मुंबई कधीच नव्हती, नागपूरच होती. साप्ताहिकासारखी छोटी वस्तू यवतमाळसारख्या गावी निघू शकत होती याचं कारण तंत्रात आहे: एक हातछापखाना किंवा ट्रेडल, खिळ्यांच्या काही पेट्या आणि दोन-तीन जुळारी एवढ्या भांडवलावर ती उभी राहायची. पुढे दैनिकाला रोटरी लागली, वृत्तसंस्थेची तारयंत्रं लागली, आणि ते भांडवल जिल्ह्याच्या गावाला पेलवेना. अण्यांचं नाव यवतमाळातून नागपूरला जाऊन दैनिक झालं यात राजकारण, व्यापार सगळं आहे. पण यंत्राचं वजनही आहे.

जुळाऱ्याचं काम जवळून पाहिल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. इंग्रजी जुळाऱ्यासमोर दोन पेट्या असत, लहान अक्षरांची आणि मोठ्या अक्षरांची. देवनागरी जुळाऱ्याभोवती चार पेट्यांचं कोंडाळं असे आणि त्यांतल्या घरांची संख्या काहीशेंवर जाई, कारण क, क्, क्र, क्ष, क्त यांना वेगवेगळे खिळे लागत. डिग्री पद्धतीच्या टाइपात अक्षराचा खिळा ठेंगणा. वेलांटी-मात्रा वरच्या मजल्यावर, उकार तळमजल्यावर, आणि जिथं काही नाही तिथं कोरे तुकडे भरायचे. ‘राजूर’ जुळवायचं म्हणजे र, काना, ज, खाली दीर्घ ऊकार, पुन्हा र; एका शब्दाला तीन मजल्यांचं बांधकाम. अखंड टाइपात मात्रा अक्षराच्या डोक्यावरच झुकलेली असे, पण मग खिळ्यांचे प्रकार वाढत. ‘राजुऱ्यात’मधल्या पापणीच्या र साठी वेगळा खिळा. तो संपला की शेजारच्या साच्यातून मागून आणायचा, नाहीतर ‘र्य’वर भागवायचं. ओळ स्टिकमध्ये उलटी उभी राहते, जुळारी ती उलटीच वाचतो. मग गॅलीवर प्रूफ निघतं, मुद्रितशोधक मूळ कागदाशी ताडून खुणा करतो, जुळारी चिमट्यानं खिळा उपसून दुसरा बसवतो. एका नावावर किमान तीन माणसांचे डोळे फिरत. त्यातला एखादा वणीकडचा असला तर तो राजूर-राजुरा हा घोळ पाहताक्षणी ओळखायचा. नसला तर चूक छापली जायची; जुन्या अंकांत चुका नव्हत्या असं कुणी म्हणू नये. मुद्दा एवढाच की चूक होण्यासाठी तिघांना चुकावं लागत होतं.

राजूर ते नागपूर हा प्रवास हा या यंत्रणेचा दुसरा अर्धा भाग. माजरीहून वणीकडे येणारा रेल्वेचा फाटा रुंद रुळांचा, तो कोळशासाठी. जिल्ह्याचं ठाणं यवतमाळ, तिथं मूर्तिजापूरहून जाणारी शकुंतला रेल्वे अरुंद रुळांची होती, ती कापसासाठी. दोन्ही रुळांची गाठ कधी पडली नाही. म्हणजे राजूरच्या कोळशाला रेल्वे होती, राजूरच्या बातमीला नव्हती. ती पोस्टानं जायची, आणि पुढे एसटी आल्यावर कंडक्टरच्या हाती दिलेल्या पाकिटातून. पाकिटावर दैनिकाचं नाव, आत दोन पानं आणि असलाच तर फोटोचा रोल. खरंच तातडीचं असेल तर तार. पण तारेची भाषा इंग्रजी किंवा रोमन लिपीत लिहिलेली मराठी, आणि पैसे शब्दागणिक. तारमास्तर खडखड करत जे पाठवी त्यात राजूर आणि राजुरा यांच्यात फक्त शेवटच्या एका रोमन अक्षराचा फरक राही. नागपूरच्या टेबलावरचा उपसंपादक मग त्या पंधरा शब्दांच्या इंग्रजीतून मराठी बातमी उभी करी. वृत्तसंस्थांची तारयंत्रं आली तरी हे बदललं नाही. पीटीआयचा मजकूर इंग्रजीत येई आणि मराठी डेस्कची अर्धी रात्र भाषांतरात जाई. देवनागरी तारयंत्रं पुढे आली, त्यांचा उपयोग झाला, पण मराठी वृत्तपत्राचा कारखाना पिढ्यान्‌पिढ्या दुभाष्याचाच राहिला. आज शोधयंत्रासाठी मथळा आधी इंग्रजीत विचार करून मराठीत लिहिणारा डेस्कवरचा तरुण त्याच खुर्चीवर बसलेला आहे.

यंत्रानं लिपीलाच वाकवायचा प्रयत्न केला तो या मधल्या काळात. लायनोटाइप या जुळणीयंत्राच्या मॅगझिनमध्ये नव्वद नाळी असत. इंग्रजीला त्या पुरून उरत. देवनागरीच्या काहीशे खिळ्यांना नव्वद घरांत कोंबायचं म्हणजे लिपीचे हातपाय तोडणं आलं. टिळकांनी त्याआधीच खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटी केल्या होत्या. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली, म्हणजे इ-ई-उ-ऊ हे वेगळे खिळे नकोतच, अ लाच वेलांटी-उकार द्या, काही मराठी नियतकालिकं अनेक वर्षं तशी छापली गेली. १९५३ च्या लखनौ परिषदेनं तर ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडेच न्यावी असं सुचवलं, जेणेकरून यंत्राला मागे यावं लागणार नाही. उत्तर प्रदेश सरकारलाच काही वर्षांत ते मागे घ्यावं लागलं. या सगळ्याला लिपीसुधारणा म्हटलं गेलं, त्यामागे राष्ट्रीय एकतेची भाषा होती. पण तळाशी नव्वद नाळींचा हिशेब होता. वाचकानं तो हिशेब नाकारला हे मला मराठी वाचकाचं मोठं काम वाटतं. यंत्र बदललं, वेलांटी जागेवर राहिली. याच सुमारास मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियमही आले, १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये आणखी चार. राजूर दीर्घ पण राजुरात ऱ्हस्व, हे आता नियमानं ठरलं आणि ते सांभाळण्याची जबाबदारी मुद्रितशोधकाच्या खांद्यावर आली.

ऑफसेट छपाई आणि संगणकावरची जुळणी आली तसा जुळारी गेला. तो एका रात्रीत गेला नाही. काहींनी कीबोर्ड शिकला आणि ते डीटीपी ऑपरेटर झाले. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक उभं राहिलं, आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट या भारतीय लिप्यांच्या संगणकतंत्राचं काम तिथं आलं, आणि भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाण संकेतपद्धती १९९१ मध्ये ठरली. पेजमेकर, क्वार्क, श्री-लिपी, आकृती ही नावं छापखान्यातल्या शिव्यांइतकी घरगुती झाली. पान नागपूरला लावून यवतमाळच्या नावानं वेगळं काढणं सोपं झालं आणि जिल्हा आवृत्त्यांचा काळ सुरू झाला. रॉबिन जेफ्री यांनी भारतीय भाषांतल्या वृत्तपत्रांच्या या वाढीवर २००० मध्ये पुस्तकच लिहिलं. इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात तीन-तीन डोळे होते म्हणता, पण त्या डोळ्यांना राजूर दिसत होतं का? चार ओळींत आटोपलेला खाणीतला मृत्यू, कोलाम आदिवासींच्या वस्त्यांबद्दल वर्षानुवर्षं शून्य, हा त्या डोळ्यांचा इतिहास नव्हे का? आहे. नागपूरच्या टेबलावर कोण बसायचं, कुठल्या जातीतून आणि कुठल्या वाड्यातून यायचं, हे न बोलता जुन्या डेस्कची आरती करणं अप्रामाणिकपणाचं होईल. जिल्हा पानांनी राजूरला रोजची जागा दिली, ग्रामपंचायतीपासून भट्टीच्या धुरापर्यंत सगळं छापलं. मात्र त्याच यंत्रानं त्या जागेला कुंपणही घातलं. यवतमाळच्या पानावरची बातमी यवतमाळलाच वाचली जाऊ लागली. पूर्वी राजूरची चार ओळींची बातमी सबंध विदर्भात जायची. आता तीन स्तंभांची बातमी जिल्ह्याबाहेर जात नव्हती. ज्या मंत्र्यानं ती वाचायला हवी त्याच्या घरी वेगळी आवृत्ती पडत होती.

मग इंटरनेट आलं, १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं ते सामान्यांना खुलं केलं, आणि कुंपण पडेल असं वाटलं. मराठीत ते दहा-पंधरा वर्षं पडलं नाही, याचं कारण पुन्हा खिळा. डीटीपीचे फाँट प्रत्यक्षात रोमन संकेतांवर मराठी आकार चिकटवलेले होते. तुमच्या संगणकावर तोच फाँट असेल तर ‘राजूर’ दिसे, नसेल तर प्रश्नचिन्हं आणि फ्रेंच टोप्यांची रांग. प्रत्येक दैनिकाचा फाँट वेगळा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच, तिच्यातली देवनागरी इस्कीवरच बेतलेली. पण वाचकाच्या यंत्रात ती पोचायला विंडोज २००० यावं लागलं. त्यातला मंगल फाँट र. कृ. जोशींच्या हातचा, एका मराठी सुलेखनकाराचा. तरी त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे होते, आणि मराठी ल-श कसे असावेत हे महाराष्ट्र शासनाला २००९ मध्ये निर्णय काढून सांगावं लागलं. ‘ॲ’ला स्वतःचं स्वतंत्र स्थान युनिकोडमध्ये २००८ साली मिळालं, ‘ॲप’ हा शब्द त्याआधी दोरीनं बांधलेल्या चाकासारखा लिहावा लागे. या उशिराचा परिणाम विचित्र झाला. १८८१ च्या केसरीचा अंक आजही डोळ्यांनी वाचता येतो. २००१ सालचं मराठी संकेतस्थळाचं पान सापडलं तरी वाचता येईलच असं नाही, शोधता तर मुळीच येत नाही. राजूरच्या इतिहासातली ती वर्षं, नव्या खुल्या खाणींची आणि विस्थापनाची वर्षं, डिजिटल म्हणून नोंदली गेली आणि म्हणूनच हरवली.

शिवाय जुने फाँट गेले नाहीत. अनेक ठिकाणी छापील पान अजून जुन्या फाँटात लागतं आणि संकेतस्थळासाठी मजकूर परिवर्तकातून काढला जातो. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टंकली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. परिवर्तकाला ही उलथापालथ नियमानं करावी लागते, आणि जिथं नियम फसतो तिथं रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो. सगळ्यात आधी बळी जातो तो पापणीचा र. ‘राजुऱ्यात’चं ‘राजुर्यात’ होतं, मग ते कुणीतरी ‘दुरुस्त’ करून ‘राजुरात’ करतं, आणि बातमी पैनगंगा ओलांडते. चिमटा हातात असलेला जुळारी ही चूक एक खिळा बदलून मिटवत असे. आता ती मिटवायची तर परिवर्तकाचा नियम लिहिणारा प्रोग्रॅमर आणि व्याकरण जाणणारा मुद्रितशोधक एकाच माणसात हवेत. न्यूजरूम तंत्रज्ञान नावाच्या नोकरीचा गाभा मला इथं दिसतो. ती चकचकीत पडद्यांची नोकरी नाही. ती अर्ध्या र ची नोकरी आहे, आणि मराठी दैनिकांनी मुद्रितशोधकाची पदं रिकामी ठेवून ती वेगळी निर्माणच केली नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये स्वस्त डेटा आला आणि राजूरचा वार्ताहर वाचकाच्या एका बोटावर आला. त्याची ताकद नाकारायचं कारण नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑक्टोबरमध्ये देशभर त्याची चर्चा झाली, पण त्याआधी कितीतरी दिवस दवाखान्यात माणसं येत होती आणि जिल्ह्यातले बातमीदार ते पाहत होते. तुकड्यातुकड्यानं जिल्हा पानांत छापलेली गोष्ट एकत्र दिसली ती मोबाइलवर फिरल्यामुळे. पुढच्याच वर्षीचं उदाहरण उलट दिशेचं. राळेगाव परिसरातल्या नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीला वनखातं आणि स्थानिक पानं टी-१ म्हणत होती. २ नोव्हेंबर २०१८ ला ती बोराटीजवळ मारली गेली तोवर जगभर तिचं नाव अवनी झालं होतं. ते नाव गावानं दिलेलं नव्हतं. गावाबाहेरच्या हॅशटॅगनं दिलं. ज्या गावांनी तेरा माणसं गमावल्याचं सांगितलं त्यांच्या बातम्या टी-१ या शब्दाखाली होत्या, आणि शोधणारा अवनी हा शब्द शोधत होता. वाघिणीला मारणं योग्य होतं की नाही हा वाद वेगळा आहे आणि तो न्यायालयातही गेला. बातमीच्या तंत्रापुरतं एवढं दिसतं की कुंपण पडलं, पण फाटकाची किल्ली गावाच्या हाती आली नाही. शब्द कुठला चालणार हे आता उपसंपादक ठरवत नाही; कुणीच ठरवत नाही, तो ठरलेला असतो.

दुसरा आक्षेप तरुणांचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. एकाच माणसाला लिहिता, टिपता, कापता, चढवता येतं, ही लाचारी कशी? हे तर कौशल्य. पूर्वी राजूरच्या मुलाला नागपूरच्या डेस्कवर बसायला वशिला लागायचा. आता त्याचं डेस्क त्याच्या खिशात आहे. हे मान्य. पण कौशल्य वाढलं की त्याची किंमत वाढायला हवी, आणि इथं कायदा उघडून पाहावा. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यानं पत्रकार कोण, तर ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे तो, असं ठरवलं. तालुक्याचा वार्ताहर हा अनेक ठिकाणी एजंटही असतो आणि जाहिरात प्रतिनिधीही. पोट कशावर चालतं म्हटलं तर जाहिरातीच्या कमिशनवर किंवा घरच्या दुकानावर. म्हणजे मुख्य व्यवसाय पत्रकारिता नाही, म्हणून पत्रकार नाही, म्हणून वेतन मंडळ नाही. आणि वेतन नाही म्हणून मुख्य व्यवसाय पत्रकारिता होत नाही. २०२० च्या कामगार संहितेत डिजिटल माध्यमाचा उल्लेख आला, ‘मुख्य व्यवसाय’ ही अट मात्र तशीच आली. जबाबदारीचं उलट झालं. १८६७ मध्ये सरकार छापणाऱ्याला धरत होतं. २०२१ च्या डिजिटल नियमांनी प्रकाशकाकडे तक्रार निवारण अधिकारी मागितला, त्यातल्या काही तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी स्थगिती दिली. पण ज्या गावात सगळेच एकमेकांना ओळखतात तिथं तक्रार अधिकाऱ्याकडे कोण जातो? लोक बातमी देणाऱ्याच्या दारात येतात. त्याच्या आणि संतापलेल्या भट्टीमालकाच्या मध्ये आता कुणी उभं नाही, ना मुद्रक, ना उपसंपादक, ना ‘वरून कापलं’ ही सोयीची सबब. मधली माणसं बातमी अडवत असत हे खरं, तशी ती घावही अडवत असत.

राहिला तिसरा आक्षेप, की दुसरा डोळा आता यंत्रच होईल. कृत्रिम बुद्धिमत्ता शुद्धलेखन तपासेल, भाषांतर करेल, राजूर आणि राजुरा वेगळे ठेवेल. यातलं बरंच ती करू लागली आहे आणि दर्पणच्या दोन स्तंभांपासून चालत आलेलं भाषांतराचं ओझं तिनं हलकं केलं तर मराठी डेस्कला ते हवंच आहे. पण असं यंत्र मराठी शिकतं ते उपलब्ध मजकुरातून. तो मजकूर कुठला, तर फाँटच्या दलदलीतून वाचलेला, परिवर्तकातून रफार उडालेला, आणि शोधयंत्राला आवडेल म्हणून ‘राजुर’ असा ऱ्हस्वच लिहिलेला. गणपतीमुळे जालन्याचं राजूर त्यात ठायी ठायी असणार. कॉलरीच्या राजूरची खाणकामगारांची, तेलुगू-हिंदी मिसळलेली बोली त्यात जवळजवळ नसणार. यंत्राला ‘राजुरात स्लॅब कोसळला’ एवढंच दिलं तर ते कुठल्या राजुरात हे विचारणार नाही. सगळ्यात जास्त वेळा भेटलेलं राजूर उचलेल. नागपूरचा उपसंपादक निदान वार्ताहराला फोन तरी करायचा. म्हणून राजूरच्या वार्ताहराला आज शिकवायचं असेल तर चित्रफीत कापण्याआधी एक जुनी सवय शिकवावी लागेल, जी शिशाच्या काळात पोस्टाच्या पाकिटावरही पाळली जात होती: गावाच्या नावापुढे कंसात कॉलरी लिहायचं, त्यापुढे तालुका वणी, त्यापुढे जिल्हा. आणि ते तीन शब्द जागा वाचवण्यासाठी काढून टाकणार नाही असं कुणीतरी पलीकडे पगारावर बसवावं लागेल.